दुपारची वीज संध्याकाळी कशी पुरवायची?

वाचकांचे प्रश्न, निवृत्त उपकेंद्र अभियंत्याची उत्तरे

गेल्या अंकात मी विचारलं होतं, नाशिकच्या गच्च्यांवर आणि माळांवर एवढं सोलर येतंय, ते आपल्या तारा पेलतील का? त्यावर पत्रांचा ढीग आला. मी १९८६ साली वीज बोर्डात कनिष्ठ अभियंता म्हणून लागले आणि २०२१ मध्ये निवृत्त झाले. मधली बहुतेक वर्षं उपकेंद्रांच्या कंट्रोल रूममध्ये गेली. तेव्हा आमची सगळी काळजी एकच असायची, वीज पुरेल का? आता वीज केव्हा येते आणि कुठे येते, हा प्रश्न जास्त अवघड झाला आहे. सहा पत्रं घेतली आहेत. लांब होती ती थोडी कापली.

प्रश्न : ताई, इंदिरानगरच्या आमच्या घरावर तीन किलोवॉटचं सोलर बसवून वर्ष झालं. लाईट गेली की कडक उन्हातही ते बंद पडतं. शिवाय एप्रिल-मे मध्ये भर दुपारी, लाईट असतानाही, इन्व्हर्टर लाल दिवा दाखवून पाच-पाच मिनिटं बंद होतो. सोलर बसवणारा म्हणतो ग्रिडचा (बाहेरच्या वीजजाळ्याचा) प्रॉब्लेम, वायरमन म्हणतो तुमच्या मशिनचा. खरं कोणाचं?

उत्तर : लाईट गेल्यावर सोलर बंद पडतं ते मुद्दाम तसं केलेलं असतं, आणि ते तसंच राहू द्या. वायरमन डीपीचे, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरचे, फ्यूज काढून खांबावर चढतो तेव्हा तार मेलेली आहे असं तो धरून चालतो. तुमच्या गच्चीवरून वीज येत राहिली, तर ती डीपीतून उलटी जाते आणि वरच्या बाजूला अकरा हजार व्होल्ट तयार होतात. सोलर यायच्या आधी एका जनरेटरच्या अशाच उलट्या सप्लायने आमचा एक लाईनमन खांबावर भाजला. जीव वाचला, उजव्या हाताची दोन बोटं गेली. लाईट नसताना घरापुरती वीज हवीच असेल, तर बॅटरीवाला हायब्रीड इन्व्हर्टर घ्या. तो घराची वायरिंग आधी ग्रिडपासून तोडतो आणि मग घराला वीज देतो.

दुसऱ्या तक्रारीत दोघंही अर्धं खरं बोलतायत. इन्व्हर्टरला गल्लीच्या तारेत वीज ढकलायची असेल, तर त्याला तारेपेक्षा थोडा जास्त दाब, म्हणजे व्होल्टेज, धरावा लागतो. तार बारीक, डीपी लांब, आणि गल्लीतली दहा घरं एकाच वेळी ढकलतायत, मग दाब चढतच जातो. आमच्या सोसायटीत मे महिन्यात मी मीटर लावून दिवसभर आकडे लिहिले. सकाळी आठला २३८ व्होल्ट. दुपारी एकला २५७. रात्री साडेआठला, घरोघरी एसी लागल्यावर, २२२. एकाच तारेवर एका दिवसात पस्तीस व्होल्टचा फरक! आपल्या गल्ल्या आखल्या गेल्या तेव्हा वीज डीपीकडून शेवटच्या घराकडेच जायची, म्हणून शेवटच्या घराला संध्याकाळी दाब कमी पडू नये या बेताने डीपीचा टॅप (बाहेर किती व्होल्ट द्यायचे ते ठरवणारा खटका) वर ठेवलेला असतो. आता दुपारी तेच शेवटचं घर वीज देतंय, आणि टॅप अजून तिथेच आहे.

काय करायचं? दुपारचे मीटरवरचे व्होल्ट चार-पाच दिवस वेळेसह लिहून लेखी अर्ज करा. आकडे असले की तक्रारीला वजन येतं. गल्लीतली सगळी सिंगल फेज सोलरं एकाच फेजवर तर नाहीत ना, हे बघायला सांगा. बऱ्याचदा तसंच निघतं आणि दोन-तीन घरं दुसऱ्या फेजवर टाकली की निम्मं दुखणं जातं. खांबापासून मीटरपर्यंतची वायर जुनी बारीक असेल तर बदलून घ्या. नव्या इन्व्हर्टरना दाब वाढला की रिॲक्टिव्ह पॉवर (काम न करणारी, पण दाब वर-खाली करणारी वीज) ओढून तो खाली आणता येतो, ती सोय परवानगीने चालू करून घेता येते. आणि वॉशिंग मशीन, टाकीची मोटर, इस्त्री ही कामं बारा ते तीनमध्ये उरका.

एक गोष्ट मात्र कोणी सुचवली तरी करू नका. काही मेकॅनिक इन्व्हर्टरची बंद पडायची मर्यादाच वर सरकवून देतात. लाल दिवा जातो, तुमचं युनिट वाढतं, आणि तो वाढलेला दाब शेजाऱ्याच्या फ्रीजच्या कॉम्प्रेसरवर जातो.

प्रश्न : स्पेनमध्ये सोलर जास्त झालं म्हणून आख्खा देश अंधारात गेला, असं व्हॉट्सॲपवर वाचलं. मग आपण डोळे उघडे ठेवून त्याच वाटेने का चाललोय? (नाशिकरोड)

उत्तर : काका, घटना खरी आहे. २८ एप्रिल २०२५, तिथले दुपारचे साडेबारा, स्पेन आणि पोर्तुगाल दोन्ही देश काही सेकंदांत अंधारात. पण वीज कमी पडली नव्हती. वरच्या इंदिरानगरच्या पत्रातलं दुखणंच तिथे देशभर झालं. दाब चढला, स्वतःला वाचवायला एक प्रकल्प सुटला, म्हणजे ग्रिडपासून आपोआप तुटला, त्याने दाब आणखी चढला, मग दुसरा सुटला, तिसरा सुटला. तिथल्या बऱ्याच सौर आणि पवन प्रकल्पांवर दाब सांभाळायची जबाबदारीच टाकलेली नव्हती. ते ठरवून दिलेल्या पॉवर फॅक्टरवर (रिॲक्टिव्ह पॉवरचं ठरलेलं प्रमाण ठेवून) नुसती वीज देत राहायचे. यातून मी धडा घेते तो असा, की जो ग्रिडला वीज देतो त्याने ग्रिडचा दाब सांभाळायलाही हात लावला पाहिजे, मग तो चाळीस मेगावॉटचा प्रकल्प असो की तीन किलोवॉटची गच्ची.

आपल्याकडे ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारत लागोपाठ दोनदा बंद पडला, दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्य भारतही. तेव्हा देशात सोलर नावापुरतं होतं. बिना-ग्वाल्हेर लाईनवर भार जास्त झाला आणि ती सुटली, तिथून सुरुवात झाली. आपला पश्चिम विभाग बाकीच्यांपासून तुटला आणि उभा राहिला, म्हणून नाशिकमध्ये कोणाचा पंखाही थांबला नाही. त्या दोन दिवसांत कंट्रोल रूममध्ये आम्ही चहाला उठलो नव्हतो.

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात माझी साडेचार एकर द्राक्षबाग आहे. आमच्या फीडरला (उपकेंद्रातून शेताकडे येणाऱ्या लाईनला) सौर वाहिनी झाली, आता दिवसा थ्री फेज मिळते. बिबट्याच्या भीतीने रात्री दोघं-दोघं मिळून बॅटरी घेऊन जायचो, ते वाचलं. पण ढगाळ दिवशी काय? आणि दिवसाची लाईट झाल्यापासून डीपी दोनदा जळाली, ती का?

उत्तर : दादा, रात्रीच्या पाण्याचं वाचलं हे तुम्ही सगळ्यात आधी लिहिलंत, मला फार बरं वाटलं. रात्रीची लाईट शेतीला आणि दिवसाची कारखान्यांना, ही वाटणी आम्हीच कंट्रोल रूममधून वर्षानुवर्षं राबवली. त्या वेळापत्रकाच्या दुसऱ्या टोकाला अंधारात बांधावर उभा असलेला माणूस आहे, हे आम्हाला माहीत होतं. इलाज नव्हता. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली, २०२३ मध्ये तिचं दुसरं रूप आलं, आणि त्यात १६,००० मेगावॉटचं उद्दिष्ट ठेवलं. ग्रिडच्या दृष्टीने यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे जागा. काही मेगावॉटचा छोटा प्रकल्प, ३३/११ केव्ही (हजार व्होल्ट) उपकेंद्राच्या जवळ. वीज तिथेच तयार होते, तिथेच पंपात जाते. शेकडो किलोमीटरच्या तारा तापवत येत नाही.

ढगाळ दिवशी तुमचा फीडर बंद पडणार नाही. उपकेंद्र राज्याच्या ग्रिडला जोडलेलंच आहे, कमी पडेल ते वरून येतं. ढगाचा एक पट्टा सरकला की पाच मेगावॉटचा प्रकल्प दोन-तीन मिनिटांत एक-दीडवर येतो, हे खरं. पण कळवणवर ढग असतो तेव्हा येवल्यात ऊन असतं, त्यामुळे प्रकल्प विखुरलेले असले की एकाचा खड्डा दुसरा भरतो. खरी परीक्षा अवकाळीची, सगळा उत्तर महाराष्ट्र एकदम झाकोळतो तेव्हाची. त्यासाठी हवामानाचा अंदाज आदल्या दिवशी आणि पुन्हा सकाळी हातात लागतो, म्हणजे तेवढी दुसरी वीज तयार ठेवता येते.

मला ढगांपेक्षा जास्त काळजी पाऊस उघडलेल्या दिवसांची वाटते. जमिनीत ओल आहे, पंप बंद आहेत, आणि लख्ख ऊन पडलंय. अशा दुपारी तुमच्या उपकेंद्रातून वीज उलटी वर चढते. ११ वरून ३३, ३३ वरून १३२. जुने रिले (बिघाड ओळखून लाईन तोडणारी उपकरणं) करंट एकाच दिशेने येणार असं समजून लावलेले आहेत. फॉल्ट कुठे झाला हे ते चुकीचं ओळखू शकतात आणि चांगली लाईन पाडू शकतात. दिशा ओळखणारे रिले बसवणं, त्यांची सेटिंग नव्याने काढणं, हे काम कोणाला दिसत नाही, त्याचं उद्घाटन होत नाही. पण सोलरची फीत कापण्याआधी ते झालं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आता डीपी. तुमच्या पंपाला ऑटोस्विच, म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप चालू करणारा स्विच, आहे का? नव्वद टक्के हेच कारण असतं. मी नोकरीत असताना एका गावात सकाळी साडेआठला वायरमनबरोबर डीपीजवळ उभी होते. सगळं शांत होतं, वर चिमण्यांचं घरटं होतं. लाईट आली आणि एका क्षणात वीस-बावीस मोटरी एकदम सुरू झाल्या. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. डीपी इतकी जोरात घुमली की चिमण्या उडाल्या, आणि गॅस्केटमधून तेलाचा एक थेंब हळूहळू फुगून खाली आला. रोज सकाळी असा मार बसला की वाइंडिंग सैल होतं आणि एक दिवस जातं. ऑटोस्विच काढा, डीपीवरच्या सगळ्यांनी मिळून पाच-पाच मिनिटांच्या पाळ्या लावा, आणि प्रत्येक पंपाला चालू स्थितीतला कपॅसिटर (मोटरला लागणारी रिॲक्टिव्ह पॉवर जागेवरच देणारा) ठेवा. तो नुसता खोक्यात असून उपयोग नाही. तुमच्या डीपीचं जे, तेच राज्याचं. शेकडो शेती फीडर घड्याळाच्या एकाच ठोक्याला चालू केले तर ग्रिडला तसाच धक्का बसतो, म्हणून फीडरनाही गट पाडून मागेपुढे सोडावं लागतं.

प्रश्न : मी तंत्रनिकेतनात विद्युत शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सौर वाढलं की एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राचे संच बंद होतील, असं सगळे म्हणतात. आमचे सर म्हणतात तसं केलं तर फ्रिक्वेन्सी (विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं) सांभाळता येणार नाही. नेमकं काय होईल?

उत्तर : तुझ्या सरांना नमस्कार सांग. एकलहऱ्याला आज २१० मेगावॉटचे तीन संच आहेत. प्रत्येकाचा शाफ्ट मिनिटाला ३,००० फेरे घेतो, टर्बाइन आणि जनरेटर मिळून कित्येक टनांचं वजन. दूर कुठे मोठा प्रकल्प सुटला की देशभरचे असे शाफ्ट आपल्या फिरण्यातली ऊर्जा देऊन फ्रिक्वेन्सी सावकाश खाली येऊ देतात. मिळतात ते काही सेकंदच, पण त्या सेकंदांत गव्हर्नर (टर्बाइनची वाफ कमी-जास्त करणारं यंत्र) आणि राखीव वीज कामाला लागते. आपल्याला ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या मध्ये राहायचं असतं. पॅनेलमध्ये फिरणारं काही नाही, त्यामुळे सोलर वाढलं आणि शाफ्ट कमी झाले की तीच घसरण वेगाने होते.

याला उपाय आहेत. दक्षिण ऑस्ट्रेलियात २८ सप्टेंबर २०१६ ला वादळात सगळं राज्य अंधारात गेलं. लाईनी पडल्या, दाब वारंवार कोसळला, आणि कित्येक पवनचक्क्या आपल्या सेटिंगमुळे सुटल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी १०० मेगावॉटची बॅटरी उभी केली, ती सेकंदाच्या आत उत्तर देते. नंतर चार सिंक्रोनस कंडेन्सर लावले. म्हणजे वाफेशिवाय, कोळशाशिवाय नुसतं फिरत राहणारं मशीन. ते दाबही धरतं आणि शाफ्टचं वजनही पुरवतं. एकलहऱ्याचा एखादा संच कधी काळी निवृत्त केलाच, तर त्याचा जनरेटर असा फिरता ठेवता येईल का याचा अभ्यास भंगाराची निविदा काढण्याआधी व्हावा. तिथे स्विचयार्ड आहे, चारी दिशांच्या लाईनी आहेत, आणि मशीनचा आवाज ऐकून दुखणं ओळखणारी माणसं आहेत.

तोवर मात्र त्या संचांना अवघड काम करावं लागणार आहे. थर्मल संच दुपारी विझवून सहा वाजता पेटवता येत नाही, थंड संच वर यायला कित्येक तास लागतात. म्हणून दुपारी तो मंद ठेवायचा. आज ५५ टक्के, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनुसार टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत. २१० च्या संचासाठी ते ८४ मेगावॉट होतात. ज्योत एवढी मंद झाली की ती डळमळते, बॉयलरच्या नळ्या रोज तापून-निवून थकतात. याचा खर्च आहे आणि तो कोणीतरी उघडपणे मोजला पाहिजे.

संध्याकाळचं सगळ्यात चांगलं औषध आपल्या शेजारीच आहे. अकोले तालुक्यात घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून आहे. वरच्या धरणातलं पाणी सुमारे चारशे मीटर खाली शहापूरच्या बाजूला सोडायचं, वीज करायची, आणि वीज स्वस्त असेल तेव्हा तेच पाणी पुन्हा वर चढवायचं. तो बांधला तेव्हा स्वस्त वीज म्हणजे मध्यरात्रीची. आता पाणी दुपारी चढवावं, आणि सह्याद्रीच्या कड्यावर अशा आणखी जागा जंगल आणि गावं सांभाळून शोधाव्यात.

ग्रिड किती झुकू शकतं हे मी एकदा डोळ्यांनी पाहिलंय. ५ एप्रिल २०२०, लॉकडाऊन, रात्री नऊला नऊ मिनिटं घरातले दिवे बंद. मी ड्युटीवर होते. दाब चढू नये म्हणून कपॅसिटर बँका आम्ही आधीच काढल्या होत्या, टॅप खाली आणून ठेवले होते. पावणेनऊपासून देशभरची जलविद्युत केंद्रं उतरायला लागली. खिडकीतून समोरची इमारत मजल्यामजल्याने काळी होत गेली आणि गॅलऱ्यांत पणत्या दिसायला लागल्या. मागणी बारा-तेरा हजार मेगावॉटने उतरेल असा अंदाज होता, उतरली सुमारे ३१,००० ने. आमची २२० केव्हीची बस (उपकेंद्रातल्या सगळ्या लाईनी जिला जोडतात ती मुख्य पट्टी) २३१ वर गेली. फ्रिक्वेन्सी ४९.७० ते ५०.२६ मध्ये राहिली. कुठेही काही सुटलं नाही. माझ्याबरोबरच्या ऑपरेटरने नऊ वाजून बारा मिनिटांनी घड्याळाकडे बघत पहिला श्वास सोडला, असं मला वाटलं. जानेवारी २०२५ मध्ये देशातलं सोलर १ लाख मेगावॉटच्या पुढे गेलं. म्हणजे रोज सूर्य मावळताना त्या रात्रीसारखी उतराई होते, फरक एवढाच की या वेळी मागणीऐवजी वीज उतरते आणि आपल्याला दोन-तीन तास मिळतात. त्या रात्री जमलं कारण प्रत्येक केंद्राला कोणी केव्हा किती उतरायचं हे आधी सांगितलेलं होतं. तू शिकून बाहेर पडशील तेव्हा तुझं काम हेच असेल, आणि ते सुंदर काम आहे.

प्रश्न : पिंपळगाव बसवंतला आमचं कोल्ड स्टोरेज आहे. दुपारची वीज स्वस्त होते म्हणतात. मोठी बॅटरी घ्यावी का?

उत्तर : आधी बर्फाच्या टाकीचा हिशोब करा. केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांत दिवसातले आठ सौर तास ठरवून त्या वेळचा दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायला सांगितलंय. तुमच्या बिलावरच्या वेळा आणि दर तेवढे तपासा. द्राक्षाची खोली शून्याच्या फार खाली ओढता येत नाही, मणी गोठतो, त्यामुळे खोलीतच थंडी साठवायला वाव कमी. पण बागेतून आलेल्या पेटीची पहिली गरमी काढायलाच सगळ्यात जास्त वीज जाते. दुपारी अमोनिया कॉम्प्रेसर चालवून बर्फ करून ठेवा आणि संध्याकाळच्या प्रीकूलिंगला त्याचं गार पाणी फिरवा. टाकी बॅटरीपेक्षा स्वस्त पडते आणि तुमचाच फिटर ती दुरुस्त करू शकतो.

प्रश्न : मी आठवीत आहे. सूर्यग्रहणात सगळं सोलर बंद पडेल का? (पंचवटी)

उत्तर : बाळा, ग्रहण ग्रिडला सगळ्यात सोपं जातं, कारण ते कधी लागणार आणि कधी सुटणार हे मिनिटासह आधीच माहीत असतं. २६ डिसेंबर २०१९ ला सकाळी केरळ, तमिळनाडू, कर्नाटकात कंकणाकृती ग्रहण होतं, आपल्याकडे खंडग्रास. सोलर किती कमी होईल याचं गणित आधी करून तेवढी दुसरी वीज तयार ठेवली होती. कोणाकडे लाईट गेली नाही.

आपल्याला दिसणारं पुढचं मोठं ग्रहण २ ऑगस्ट २०२७ ला आहे. स्पेन आणि इजिप्तमध्ये खग्रास, आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास. त्याच दिवशी सोमवती अमावास्या, म्हणजे सिंहस्थाचं पहिलं अमृतस्नान. रामकुंडावर गर्दी, शहरभर दिवे, पंप, पाण्याच्या टाक्या, सगळं एकदम चालू असेल. ऑगस्टात नाशिकवर ढग असतात, त्यामुळे ग्रहणाने किती वीज गेली आणि ढगाने किती, हे वेगळं काढायला मजा येईल. तुमच्या किंवा शेजारच्या गच्चीवर सोलर असेल तर त्या दिवशी दुपारी दोनपासून सूर्य मावळेपर्यंत दर पाच मिनिटांनी इन्व्हर्टरवरचा आकडा वहीत लिही, बाजूला ढग होता की नव्हता तेही लिही. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघू नकोस. वही मला पाठव, आपण दोघं मिळून आलेख काढू.